गच्चीवरची हजेरी : लेकीचा पहिला वसंत

गच्चीवरचा | ९ मार्च २०२५, दुपारी २:१०

नमस्कार मंडळी,

लेक उद्या सहा महिन्यांची होईल. बायकोची २६ आठवड्यांची रजा संपली आणि गेल्या सोमवारपासून ती पुन्हा साताऱ्याला कामावर जायला लागली. वाईहून सातारा ३५ किलोमीटर, पण सव्वासातची एस्टी गाठायची तर सातला घर सोडावं लागतं. माझं कॉलेज दुपारचं. म्हणून सात ते अकरा लेक माझ्याकडे. आई घरात असते, पण गुडघ्यांमुळे तिला जिना चढवत नाही. म्हणजे गच्ची आमची दोघांचीच.

पहिल्या दिवशी बायको निघाली तेव्हा लेकीने तिची ओढणी मुठीत धरून ठेवली होती. एकेक बोट सोडवावं लागलं. रडू फुटायच्या आत मी तिला खांद्यावर टाकलं आणि वर नेलं. खाली गल्लीच्या कोपऱ्यावर बायको वळली, तिने मागे बघितलं, मी लेकीचा हात धरून हलवला. ती दिसेनाशी झाली. लेकीने मान वळवून माझ्या तोंडाकडे बघितलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चला, हजेरी घेऊ या."

तेव्हापासून रोज घेतो. मी नाव पुकारतो आणि ज्याचं नाव त्याच्या आवाजात मीच उत्तर देतो.

"आई?" – "गेली. संध्याकाळी हजर."
"पिंपळ?" – "हजर." (हा अगदी खर्जात. तो आवाज काढला की ती माझ्या गळ्याला हात लावते, तिथे काहीतरी थरथरतं म्हणून.)
"आंबा?" – "हजर, हजर!" (दोनदा, कारण शेजारच्यांचे दोन आहेत.)
"शेवगा?" – "हजर." (बारीक, लांबट आवाजात.)
"घाट?" – "हजर!" (हे ओरडून, कारण पसरणीचा घाट लांब आहे.)

मग पोटावर एक फुर्र. ती खिदळली की वर्ग सुटला.

हे सगळं गंमत म्हणून चाललं होतं. पण आठवड्याभरात एक गोष्ट लक्षात आली आणि तीच लिहायला इथे आलोय. मी याच घरात वाढलो. या गच्चीवर पतंग उडवले, अभ्यास केला, उन्हाळ्यात झोपलो. समोर झाडांची गर्दी आहे आणि पाच-सहा नावं पुकारली की माझी यादी संपते. बाकी सगळी "ते झाड". लेक आता ज्याच्याकडे बोट करीन त्याच्याकडे टक लावून बघते. नाव येईल म्हणून थांबते. आणि माझ्याकडे नाव नसतं.

सध्या मी टोपणनावं ठेवून वेळ मारून नेतोय. मागच्या वाड्याच्या परड्यात एक मोठं झाड आहे, गेल्या पंधरा दिवसांत ते वरपासून खालपर्यंत लालबुंद झालंय. त्याला आम्ही लालबाई म्हणतो. घाटाच्या उतारावरही तसेच लाल ठिपके दिसतात. घरात सगळे त्याला पळस म्हणतात, मीही लेकीला तेच सांगत होतो. परवा दुर्बीण लावून बघितलं तर त्यावर फूल एकही नाही. लाल आहेत ती पानं! कोवळी, तुकतुकीत, आणि सगळी खाली मान टाकलेली. लेक दीड महिन्याची असताना तिला उचलताना मानेखाली हात धरावा लागायचा, तशी ती पानं अजून मान धरत नाहीयेत.

तर दोन विचारणा. एक, ही लालबाई कोण? फोटो खाली डकवलाय, लांबून काढल्यामुळे फारसा स्पष्ट नाही. दुसरी, तुमच्याकडे तान्ह्या बाळांशी काय काय खेळ चालतात, विशेषतः या दिवसांत? सगळं सांगा. मला यादी वाढवायची आहे.

---

रानजाई | ९ मार्च, दुपारी ४:३५

कोशिंब! फोटो धूसर असला तरी पैज लावते. कुसुंब, कुसुम असंही म्हणतात. आमच्या संगमेश्वराकडे डोंगरात भरपूर.

पण माझ्या शब्दावर जाऊ नका, झाडाखाली जाऊन एक डहाळी बघा. पळस असेल तर एका देठावर तीन पानं, ती म्हण आहेच. शिवाय पळस आत्ता केशरी फुलांवर असणार, कळीचं बूड काळं मखमली. पांगाऱ्यालाही तीनच पानं, पण खोडा-फांद्यांवर काटे. काटेसावरीला हाताच्या पंजासारखी पानं आणि मांसल लाल फुलं, तीही उघड्या फांद्यांवर. कोशिंबाच्या एका देठावर समोरासमोर पानांच्या दोन ते चार जोड्या असतात, टोकाची जोडी सगळ्यांत मोठी, आणि टोकाला एकटं पान नाही. ही खूण पक्की धरा.

लाल रंग दोन-तीन आठवडे पुरेल. मग तांबूस, मग पोपटी, मग इतर झाडांसारखं हिरवं. पान कोवळं असतं तेव्हा त्यात हरितद्रव्य कमी आणि लाल रंगद्रव्य जास्त, एवढाच खेळ. पण या एवढ्याशा खेळावर सगळा सह्याद्री मार्चमध्ये पेटल्यासारखा दिसतो.

मान न धरलेली पानं ही उपमा मी कायमची घेतली.

---

ताकभात | ९ मार्च, संध्या. ७:०२

वाचताना घशात काहीतरी अडकलं. आमची जुळी आता दोन वर्षांची आहेत. पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतो. आमचा खेळ 'कुक'चा. एकाला मी पांघरुणात लपवायचो आणि दुसऱ्याला विचारायचो, "कुठे गेला?" सातव्या महिन्यापर्यंत दुसरा सरळ दुसरीकडे बघायचा, विषय संपला. आठव्या महिन्यात एके दिवशी त्याने पांघरूण ओढलं. आत भाऊ आहे हे त्याला कळलं होतं! वस्तू दिसत नाही तेव्हाही असते, हे बाळांना साधारण त्याच सुमारास उमगायला लागतं, असं जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मांडलंय. तेव्हा मी ते वाचलेलं नव्हतं. मी नुसता ओरडत सुटलो होतो घरभर.

तुमची हजेरीसुद्धा तेच आहे की. आई दिसत नाही, पण पटावर तिचं नाव आहे.

---

गच्चीवरचा | ९ मार्च, रात्री १०:१५

ताकभात, शेवटची ओळ बायकोला वाचून दाखवली. ती काही बोलली नाही, पण लेकीला पाळण्यात ठेवायच्या ऐवजी कुशीत घेऊन झोपली.

रानजाई, वाड्याच्या मालकांना विचारतो परड्यात जाऊ का म्हणून.

---

नागपूरची_आजी | १० मार्च, सकाळी ६:२०

मी सहा नातवंडं अंगाखांद्यावर वाढवली, म्हणून लिहिते. आमच्या विदर्भात लेकराची पहिली होळी आली की मामा-मावशा साखरेच्या गाठी घेऊन येतात. रंगीत गाठ्यांची माळ लेकराच्या गळ्यात घालायची. अर्ध्या तासात माळ चिकट, लेकरू चिकट, घेणाराही चिकट. तुमच्या होळीला आता तीनच दिवस राहिले, फोटो नक्की काढा. फक्त सहा महिन्यांच्या लेकराला गाठी चाटवायची नाही. साखर नाही, मधही वर्षाच्या आत अजिबात नाही. आमच्या काळी द्यायचो, आता डॉक्टर का नको म्हणतात ते समजून घेतलंय.

आणखी एक सांगते. मी रोज लेकराला मालिश करताना दिवसभरात काय काय झालं ते सांगायची. कोण आलं, भाजी काय केली, कोणावर राग आला. लेकरू ऐकत असतं. माझा थोरला नातू आता इंजिनीयर आहे, तो अजून घरी आला की पायाशी बसतो आणि म्हणतो, आजी, सांग काय झालं.

---

उंबरठा | १० मार्च, सकाळी ११:४८

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे, म्हणून हजेरी वाचून फार आनंद झाला. नकळत तुम्ही सगळं बरोबर करताय. आवाज बदलता, नाव पुन्हा पुन्हा घेता, आणि पुकारल्यावर थोडं थांबता. ते थांबणं फार महत्त्वाचं आहे.

आता एक पाऊल पुढे जा. उत्तर लगेच तुम्ही देऊ नका. "पिंपळ?" म्हणा आणि तिच्या डोळ्यांत बघत मनात पाच आकडे मोजा. तिने हुंकार भरला, हात हलवला, नुसते ओठ हलवले तरी ते उत्तर धरा आणि मग "हो, पिंपळ हजर!" म्हणा. आपण बोलल्यावर समोरून उत्तर येतं, आणि मग पुन्हा आपली पाळी असते, हे तिला कळेल. सगळं बोलणं यावरच उभं आहे. येत्या महिन्या-दोन महिन्यांत बा-बा, मा-मा, दा-दा अशी अक्षरांची माळ सुरू होईल, तेव्हा हजेरीला खरा रंग चढेल.

बोबडं बोलावं का, हे मला प्रत्येक घरात विचारतात. चढा, लाडिक, सावकाश सूर चांगलाच. बाळं त्याकडे लवकर वळतात. काऊ, चिऊ, भूभू, मम्मं, भुर्र हेही चांगले, ते बाळांसाठी घडलेले पूर्ण शब्द आहेत. पण 'पिंपळ'चा 'पिंपल' आणि 'झाड'चं 'दाद' आपण होऊन करू नये. तिची जीभ वळायची तेव्हा वळेल, कानावर मात्र सरळ शब्द पडू दे.

---

नागपूरची_आजी | १० मार्च, दुपारी १२:३०

उंबरठा बाई, अगदी मनातलं. माझी सासू म्हणायची, बोबडं बोलायचा मान लेकराचा, आपण तो घेऊ नये.

---

मेणवलीकर | १० मार्च, दुपारी ३:०५

गाववाले! तुमचा पिंपळ कोणता ते ओळखलं, पण इथे पत्ता फोडत नाही.

लेकीला रंगपंचमीला बावधनच्या बगाडाला, म्हणजे बैल ओढतात त्या लाकडी रथाच्या यात्रेला, नेणार असाल तर विचार करा. १९ तारखेला आहे. गर्दी, ऊन, धुरळा, आणि ढोलांचा आवाज एवढ्याशा कानांना झेपत नाही. आम्ही मुलगा लहान असताना सोनेश्वरला पहाटेच बगाड बघून माघारी आलो होतो, गर्दी जमायच्या आत. दगडी चाकांना हात लावून बघितला त्याने. तेवढं पुरलं.

तुम्हाला आणखी एक नाव देतो. सकाळी नदीच्या बाजूने 'हूप-हूप-हूप' असा घुमणारा आवाज येतो ना, तो भारद्वाज. अंगाने काळा, पंख तपकिरी विटकरी, डोळा लाल. आमच्याकडे कामाला निघताना भारद्वाज दिसला तर शुभ मानतात. त्याला हजेरीत घ्या, तो स्वतःच उत्तर देईल.

---

मोरपिसारा | ११ मार्च, पहाटे २:५० (इथे १० मार्च, रात्री ९:२०)

लीड्सहून लिहितेय. मुलगा नऊ महिन्यांचा. आमच्याकडे डिसेंबरात पावणेचारलाच सूर्य मावळायचा. तेव्हा माझा आणि त्याचा दिवस एका खोलीत जायचा, दिवा लावून. मी त्याला भिंतीवर हाताच्या सावल्या करून दाखवायचे. कुत्रा, ससा, मोर. मोर मला नीट जमत नाही, त्याला चालतो.

फेब्रुवारीत एके दिवशी ढकलगाडी घेऊन राउंडहे पार्कात गेले, तर गवतातून जांभळे क्रोकस वर आलेले. बर्फाच्या बोटांतून फूल निघावं तसे. मी ओरडलेच, "अरे बघ, आलं बघ!" त्याला काय आलं ते कळलं नाही, पण आई ओरडतेय म्हणजे मोठं काहीतरी आहे म्हणून तोही ओरडला. आता डॅफोडिल फुलायला लागलेत आणि आम्ही प्रत्येक फुलापाशी थांबून ओरडतो. हाच आमचा खेळ. रस्त्यावरच्या म्हाताऱ्या बायकाही थांबून बघतात आणि हसतात.

पण तुमचा धागा वाचून हुरहुर लागली. माझ्या मुलाला क्रोकस कळेल, डॅफोडिल कळेल. मोहोराचा वास मी त्याला कुठून दाखवू? मी माझ्या आईला सांगितलंय, व्हिडिओवर आंब्याखाली उभी राहा आणि वास कसा आहे ते सांग. ती तुरट, गोडसर, मधासारखा, असं करत करत रडायला लागली.

---

गच्चीवरचा | ११ मार्च, सकाळी ११:३०

मोरपिसारा, आज हजेरीत तुमच्या मुलाचंही नाव घेतलं. "लीड्स?" – "हजर!" लेकीने हात वर केला. खरंच केला.

उंबरठा, पाच आकडे मोजले. पिंपळाला काहीच नाही. आंब्याला काहीच नाही. भारद्वाजाच्या वेळी मात्र मी नाव घ्यायच्या आतच तो नदीकडून बोलला, आणि लेक अंग चोरून, श्वास धरून, ऐकत राहिली. तो थांबल्यावर तिने ओठांचा चंबू करून नुसती हवा सोडली. आवाज नाही, फक्त हवा. पण चंबू 'ऊ'चाच होता.

---

रानजाई | ११ मार्च, दुपारी १:२०

हे वाचून माझ्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात एक काळजीचं सांगून ठेवते. आता ती सगळं तोंडात घालणार. पिंपळ, वड, उंबर यांच्या पानाचा देठ तुटला की चीक येतो, तो बाळाच्या तोंडाला-डोळ्याला लागू देऊ नका. रुईचा चीक तर डोळ्याला फारच वाईट. आणि कण्हेर दारात असेल तर तिचं पान-फूल काहीही हाताशी नको, ती सगळीच्या सगळी विषारी. आंब्याच्या मोहोराचा चिकटा अंगावर पडला तर पुसून घ्या, काहींना पुरळ येतं. पानं तिच्या हाताच्या पाठीवरून फिरवा, गालावरून फिरवा, मुठीत नको.

---

गच्चीवरचा | १६ मार्च, दुपारी १२:४५

कोशिंबच!

वाड्याच्या मालकीणबाईंनी आनंदाने परड्यात नेलं. लेक माझ्या कडेवर, वर कुंची. झाडाखाली उभं राहिलो आणि पहिल्यांदा कळलं की लांबून लाल दिसणारं झाड आतून लाल नसतं. आतून वर बघितलं की पानांतून ऊन गाळून येतं आणि सगळं गुलाबी-नारिंगी होतं. लेकीचा चेहरा, तिचं पांढरं झबलं, माझे हात, सगळ्यावर तो रंग. ती वर बघत राहिली. तोंड उघडं, हनुवटीवरून लाळ, डोळ्यांची पापणी हलत नव्हती. मी काहीही बोललो नाही. नाव माहीत झालं होतं, तरी बोललो नाही.

मग एक खाली वाकलेली डहाळी बघितली. जोड्या तीन, टोकाची मोठी, टोकाला एकटं पान नाही. रानजाई, तुम्ही जिंकलात. हिरवट-पिवळा बारीक मोहोरही होता पानांच्या मध्ये, जवळ गेल्याशिवाय दिसला नसता. पान तिच्या हाताच्या पाठीवरून फिरवलं. इतकं मऊ की तिला ते लागलं की नाही अशी शंका आली. मग तिने हात उलटा करून तळवा पुढे केला.

मालकीणबाई ऐंशीच्या आहेत. त्या म्हणाल्या, "माझ्या सासूबाई याला कोशिंबच म्हणायच्या. पळस कोणी म्हणायला लागलं ते मलाही कळलं नाही. मीही म्हणायला लागले." म्हणजे नाव होतं. परड्यात होतं, दोनशे पावलांवर. मध्येच कुठेतरी आमच्या हातून सुटलं.

होळी छान झाली. मामाने गाठी आणल्या, फोटो काढले, आजींच्या सांगण्याप्रमाणे चाटवली नाही. चिकट मात्र आम्ही तिघंही झालो.

---

ताकभात | १६ मार्च, दुपारी १:३०

"नाव होतं." आता मीही जुळ्यांना घेऊन खाली उतरतो. सोसायटीत फाटकाजवळ गुलाबी फुलांनी लगडलेलं झाड आहे, पान एकही नाही, फांद्या लांब काठीसारख्या. रानजाई, हे कोण?

---

रानजाई | १६ मार्च, दुपारी २:१५

पुण्यात आणि या दिवसांत म्हणजे बहुतेक गिरिपुष्प. टेकड्यांवर हेच खूप लावलंय. मूळचं मध्य अमेरिकेकडचं. फुलं वाटाण्याच्या फुलासारखी असली तर तेच. याच्या बियाही मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका. मुलांना गिरिपुष्प म्हणायला लावा, जोडाक्षराला मजा येईल.

---

मोरपिसारा | ३० मार्च, दुपारी ४:४०

नववर्षाच्या शुभेच्छा मंडळी! आज पाडवा, आणि आजच आमची घड्याळं एक तास पुढे गेली. माझ्या आयुष्यात असा पाडवा पहिल्यांदाच आला की वर्षही नवं आणि वेळही नवी. गुढी छोटी, गॅलरीत. कडुनिंब मिळाला नाही, कढीपत्त्याची डहाळी बांधली. मुलगा गुढीच्या जरीच्या काठाला लोंबकळत होता.

आमच्या छपरावर रोज संध्याकाळी एक ब्लॅकबर्ड येऊन गातो. त्याचं मराठी नाव आम्ही ठेवलं, बुवा. आता कोणी म्हणेल की हे खरं नाव नाही. पण त्याचं इंग्रजी नाव त्याला बाहेर कळेलच, बुवा हे फक्त आमच्या घरातलं.

---

उंबरठा | ३० मार्च, संध्या. ६:१०

मोरपिसारा, बुवाला बुवाच राहू द्या. खरं नाव आणि घरचं नाव ही दोन्ही बाळाला लागतात. आपल्याकडे बारशाच्या नावाने हाक कोण मारतं?

---

गच्चीवरचा | ६ एप्रिल, सकाळी ११:०५

यादी आता एकोणीस नावांची झाली आहे. कडुनिंबाला नवी पालवी आणि पांढरी बारीक फुलं, रात्री खिडकीतून वास येतो. करंज एका आठवड्यात बोडका होता तो पोपटी झाला. तांबट नावाचा पक्षी शोधला, शेवग्याच्या टोकावर बसून 'टुक टुक टुक' करत बसतो, एवढासा हिरवा, कपाळ लाल. आवाज येतो तिथे तो कधीच दिसत नाही, मान फिरवतो म्हणून. लेकीला आणि मला त्याला शोधायला दहा मिनिटं लागली. सापडला तेव्हा मी ओरडलो, मग मोरपिसाराच्या मुलासारखी तीही ओरडली.

उष्टावण झालं. तांदळाची पेज, चांदीच्या वाटीत. पहिला घास तिने बाहेर काढला, दुसरा ठेवून घेतला.

कोशिंब हिरवी झाली. परवापर्यंत शेंड्याला थोडी लाली होती, आज नाही. आता ती बाकीच्या झाडांत मिसळून गेली. मला जागा माहीत आहे म्हणून सापडते. "कोशिंब?" म्हटलं, पाच मोजले. लेक वाड्याकडे बघत होती. नावामुळे की मी रोज तिकडे वळतो म्हणून, ते मी ठरवत बसलो नाही. "हजर," म्हणालो.

---

सव्वासातची | १२ एप्रिल, रात्री ११:२०

मी या धाग्यातली "आई?"

खातं आजच उघडलं. गेला महिनाभर एस्टीत बसून हा धागा वाचतेय. तुम्ही सगळ्यांनी माझ्या लेकीला इतकं दिलंत, म्हणून आधी तुमचे आभार मानते. नागपूरच्या आजी, तुमचं वाचून मी रोज रात्री तिला माझा दिवस सांगते. दुधाचा डबा विसरले ते, खिडकीची जागा मिळाली ते, सगळं.

एस्टीतून मीही हजेरी घेते. बांधावरचा पांगारा झाला, एक काटेसावर आहे तिचे बोंड आता फुटतायत, कापूस रस्त्याकडेला उडत असतो. परवा त्याचा एक पुंजका ओढणीला चिकटून घरी आला, तो मी कागदात बांधून कपाटात ठेवलाय. ती मोठी झाली की देईन.

गच्चीवाल्या, तुला दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या आहेत. समोर सांगायला गेले की रडू येतं, म्हणून इथे.

रविवारी मला झोपू द्यावं म्हणून तुम्ही दोघं पाय न वाजवता वर जाता. मी जागी असते. जिन्यावरून तुझा पिंपळाचा आवाज येतो, मग ती खिदळते. मी उशीत तोंड खुपसून ऐकते. वर यावंसं वाटतं, पण वाटतं की ती वेळ तुमची आहे.

दुसरं म्हणजे ते उत्तर. "आई?" – "गेली. संध्याकाळी हजर." उंबरठाताई म्हणतात ना, कानावर सरळ शब्द पडू दे. तर 'गेली' नको म्हणूस. कोपऱ्यावर वळले की मी त्या क्षणापासून घरीच यायला निघालेली असते, फक्त मध्ये सातारा लागतं. "येतेय" म्हण.

उद्या रविवार. उद्याची हजेरी मी घेणार. रानजाईताई, कोशिंब आता हिरवी झाली, तर तिला लालबाईच म्हणायचं ना? सकाळी सातच्या आत सांगा.

---

रानजाई | १३ एप्रिल, सकाळी ६:४२

लालबाईच. फळं पावसाच्या तोंडावर धरतील, आंबट असतात. तोपर्यंत तिचं नाव रोज घ्या.